उभी गाडी

बाबा रेल्वेच्या भुसावळ यार्डात होते, आधी पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारे, नंतर शंटिंगला, म्हणजे डबे इकडून तिकडे नेऊन जोडायच्या-सोडवायच्या कामाला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण सवय काही जात नाही. परवा स्टेशनवर शेजारच्या लाइनीवर टाक्यांचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी रांग, उभा होता, तर हे चहाचा कप हातात धरून प्लॅटफॉर्मच्या कडेला वाकून त्याच्या चाकांकडे बघत बसले. म्हटलं काय चाललंय, तर म्हणे, "गुटका लावलाय का बघतोय."

गुटका म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. आमच्या घरात या शब्दाला जेवढा मान होता तेवढा देवघरातल्या समईलाही नव्हता 😄

बाबांचं एकच म्हणणं असायचं, पळत्या गाडीत ड्रायव्हर असतो, गार्ड असतो, स्टेशनमास्तर बघत असतो, उभ्या गाडीकडे कोण बघतो? त्यात ती पेट्रोलची असली की झालंच. टाक्यांना लूज शंटिंग चालत नाही, म्हणजे इंजिनाने धक्का देऊन डबा सोडून द्यायचा नाही, इंजिन जोडूनच हळू नेऊन ठेवायचा, हे मला शाळेत पाढे पाठ व्हायच्या आधी माहीत होतं. आणि भोंगा! यार्डाचा भोंगा वाजला की कॉलनीतली सगळी पोरं मोजायला लागायची, दोन लांब वाजले की आपल्याच यार्डात काहीतरी झालंय, मग आया दारात येऊन उभ्या राहायच्या कारण प्रत्येकीचं कोणी ना कोणी ड्युटीवर असायचं.

मी पाचवीत असेन, एका टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पेट्रोल ठिबकत होतं. बातमी फुटायला किती वेळ लागतो, दहा मिनिटांत बायका-पोरं ते भरून न्यायला बादल्या, तेलाचे डबे, एक जण तर चक्क पाण्याचा पिंप घेऊन हजर. मीही निघालो होतो, खोटं कशाला बोलू. बाबा पळतच घरी आले, आधी आईचा पेटता स्टो बंद करायला लावला, मग माझ्या पाठीत धपाटा. तेव्हा वाटलं स्टो तर घरात, टाकी तिकडे लांब, याचा काय संबंध. संबंध असा की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत गटारात, खड्ड्यात, उंबऱ्याच्या आत येऊन बसते, आणि कुठेतरी ठिणगी मिळाली की तिथून मागे टाकीपर्यंत आग जाते. एलपीजीचंही तेच, क्लोरीनही जडच. म्हणून असं काही झालं की सखल जागेत थांबायचं नाही आणि वारा जिकडून येतोय तिकडे, म्हणजे गळतीच्या वरच्या बाजूला निघून जायचं. मोबाइल काढून व्हिडिओ करत उभं राहायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

इराणमध्ये निशापूरजवळ १८ फेब्रुवारी २००४ ला काय झालं बघा. एका स्टेशनात उभे असलेले ५१ डबे आपोआप सुटले, उतारावरून खय्याम नावाच्या स्टेशनपर्यंत आले आणि घसरले. आत गंधक, पेट्रोल, खत, कापूस, सगळं एकाच गाडीत. आग लागली, बंब आले, अधिकारी आले, आजूबाजूच्या गावातले लोक बघायला आले, आणि काही तासांनी सगळं एकदम उडालं. जवळपास ३०० माणसं गेली, त्यात आग विझवणारेही होते.

आपल्याकडे २५ फेब्रुवारी २०२४ ला कठुआहून खडीचे ५३ डबे ड्रायव्हरशिवाय ७० किलोमीटरच्या वर पळत गेले ते पंजाबात उंची बस्सीला थांबले, रुळांवर लाकडाचे ठोकळे वगैरे टाकून थांबवले. ती बातमी टीव्हीवर बघून बाबा दोन दिवस "बघ, गुटका!" एवढंच बोलत होते. खडी होती म्हणून आपण त्यावर मीम्स केले.

परवाच्या त्या चहाच्या वेळी मी त्यांना कॅनडाचं लाक-मेगँटिक सांगितलं. ५ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या तेलाच्या ७२ टाक्या चढावर उभ्या करून ड्रायव्हर झोपायला गेला, ब्रेक हवेच्या दाबावर धरलेले राहावेत म्हणून एक इंजिन चालू ठेवलं होतं, त्यातून आग निघाली, अग्निशमनवाले आले, त्यांनी नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं, आग विझवली, परत गेले. इंजिन बंद म्हणजे हवा भरणं बंद, आणि हवा हळूहळू गळत गेली, तसा ब्रेक सैल होत गेला. एकच्या सुमाराला गाडी सुटली ती ११ किलोमीटरच्या वर खाली येऊन ताशी १०० च्या पुढच्या वेगाने गावात घसरली, ४७ माणसं मेली. आणि ते तेल कागदावर दाखवलं होतं त्यापेक्षा जास्त पेट घेणारं निघालं.

"इंजिन बंद केलं तेव्हा रेल्वेचा कोणी नव्हता?"

होता, पण रुळांचं काम बघणारा, त्याला इंजिनातलं काही माहीत नव्हतं.

"म्हणजे गँगवाल्याला विचारलं ब्रेकचं," बाबा म्हणाले. मग विचारलं, "हँडब्रेक किती लावले होते?"

सात. चौकशीत निघालं की कमीत कमी सतरा तरी लागत होते, आणि हँडब्रेक गाडी धरतात का ते ओढून बघताना इंजिनाचा हवेचा ब्रेक चालूच ठेवला होता म्हणून सात पुरतात असं वाटलं.

मला वाटलं आता ड्रायव्हरला शिव्या पडणार. बाबांनी विचारलं, जोडीला कोण होतं? म्हटलं कोणी नाही, एकटाच होता, कंपनीने एकाच माणसावर गाडी चालवायची परवानगी घेतली होती.

"रात्री अकराला, दिवसभर गाडी चालवून, एकट्याने सतरा डब्यांच्या हँडब्रेकची चाकं फिरवायची," एवढं बोलून ते गप्प झाले. चहा तसाच गार झालेला. शेजारचा रेक हलला, आमची गाडीही आली, आणि आत बसल्यावर म्हणाले, त्या रेकला गुटका दिसला नाही पण इंजिन लागलेलं होतं, चालतं.