वरातीच्या घोड्यांची ग्लँडर्स तपासणी : माझा अनुभव

लग्नसराई तोंडावर आली होती. सुपाऱ्या घेऊन झाल्या होत्या आणि नेमका तेव्हाच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून निरोप आला : सगळ्या घोड्यांचं रक्त तपासायचंय, पुढची सूचना येईपर्यंत एकही जनावर तबेल्याबाहेर काढायचं नाही. जवळच्या एका वीटभट्टीवरच्या खेचराला ग्लँडर्स निघाला होता.

वरातीला घोडे देण्याचा धंदा आमच्याकडे वडिलांपासून आहे. ग्लँडर्सचं नाव घोडेवाल्यांना नवं नाही. 2006 साली हा रोग आपल्या महाराष्ट्रातही निघाला होता, तेव्हाच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात. पण तपासणीत नेमकं काय होतं, किती थांबावं लागतं, आपण काय करायचं, हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी रोगाविषयी. बर्कहोल्डेरिया मॅलेई नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. घोडा, गाढव, खेचर ही त्याची मुख्य घरं. नाकातून घट्ट, चिकट स्राव येतो, नाकाच्या आतल्या पडद्यावर व्रण पडतात. कातडीवर, विशेषतः पायांवर, ओळीने गाठी उठतात आणि फुटून त्यातून मधासारखा पू वाहतो; त्या प्रकाराला फार्सी म्हणतात. गाढव-खेचर बहुधा झपाट्याने आजारी पडतं आणि दगावतं. घोड्याचं तसं नाही. तो महिनोन्‌महिने रोग अंगात बाळगून वरातीत नाचू शकतो. सगळी भीती इथेच आहे. जनावराला यावर लस नाही आणि उपचारही करायचे नसतात. रोग पक्का ठरला की जनावराला वेदना न होता मरण द्यायचं आणि चुना टाकून खोल पुरायचं, हा नियम.

माणसाला हा रोग क्वचितच होतो, पण होतो. जखमेतून, डोळ्यांतून, नाकातोंडातून जिवाणू आत जातात. ताप, फोड, छातीचा संसर्ग, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर बहुधा मृत्यूच. हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर घोडी आली नाही, आमचा मोतद्दार आला. दिवसभर खरारा करणारा, घोड्याचं नाक स्वतःच्या पंच्याने पुसणारा तो. त्याच्या तळहातांना बारा महिने भेगा असतात.

2019 च्या राष्ट्रीय कृती योजनेप्रमाणे बाधित जनावराभोवतीचा 5 किलोमीटरचा पट्टा बाधित क्षेत्र धरला जायचा आणि त्यापुढे 25 किलोमीटरपर्यंत पाहणी व्हायची. (2025 च्या सुधारित योजनेत ही अंतरं 2 आणि 10 किलोमीटरवर आणली आहेत.) आमचा तबेला आतल्या पट्ट्यात आला. त्या संध्याकाळी दोन-तीन घोडेवाले घरी येऊन बसले. एकाचं म्हणणं, "भाऊ, रातोरात टेम्पोत भरा आणि पाहुण्यांकडे हलवा. कागदावर नाव आलं की धंदा बसला." त्याची अडचण मला कळत होती. मारलेल्या जनावराची सरकार भरपाई देतं, पण जातवान घोड्याच्या बाजारभावापुढे ती काहीच नाही. तरी मी साफ नाही म्हटलं. हलवलेल्या घोड्याबरोबर रोगही टेम्पोत चढतो आणि उतरतो तो कुणाच्या तरी पोरांच्या अंगणात. भरपाई बाजारभावाच्या जवळ आली तर लपवालपवी निम्म्याने कमी होईल, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी डॉक्टरसाहेबांनाही बोलून दाखवलं.

ते आले ते सकाळी, ऊन चढायच्या आत. हातमोजे, मास्क, गमबूट, सोबत बर्फाचा डबा. मला वाटलं होतं सुई टोचायची आणि जायचं, पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो जनावराची ओळख लिहिण्यात. रंग, वय, कपाळावरचा टिळा, कुठला पाय किती वर पांढरा, आणि भोवरे. कपाळावरचा, मानेवरचा, छातीवरचा प्रत्येक भोवरा बोट फिरवून बघितला आणि घोड्याच्या छापील आकृतीवर खूण करून नोंदवला. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात गिऱ्हाईक शुभ-अशुभासाठी भोवरे बघतं. इथे कारण वेगळं : दोन पांढरे घोडे लांबून सारखेच दिसतात, आणि नमुना एकाचा नि शिक्षा दुसऱ्याला असं होता कामा नये. आमची घोडी चांदणी नुकरा, म्हणजे पांढरीशुभ्र आहे, अंगावर दुसरा डाग नाही. तिची ओळख फक्त भोवऱ्यांवर पटली.

मग मानेच्या शिरेतून रक्त. मोतद्दाराने तिचा कान हलकेच धरून ठेवला, ती हललीसुद्धा नाही. नळी आडवी ठेवून रक्त गोठू दिलं, वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढलं आणि नंबर घालून बर्फात ठेवलं. एका घोड्याचा नमुना वाटेत खराब झाला, सीरम लाल झालं. ते चालत नाही म्हणून त्याचं रक्त पुन्हा घ्यावं लागलं. नमुने पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे गेले.

तिथे आधी एलायझा चाचणी होते. ही चाळणी बारीक असते, शंका असलेलं काहीच सुटू नये म्हणून. त्यात कुणी अडकलं तर नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो आणि तिथल्या कॉम्प्लिमेंट फिक्सेशन चाचणीवर पक्का निकाल ठरतो. चांदणी अडकली.

"अजून काही ठरलेलं नाही, धीर धरा. पण तिला वेगळी बांधा," डॉक्टरसाहेब फोनवर म्हणाले. तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला, ऊन येतं तिथे तिची जागा केली. हे जिवाणू कोरड्या उन्हात फार टिकत नाहीत, ओल्या अंधाऱ्या जागेत मात्र आठवडेच्या आठवडे राहतात, हेही त्यांनीच सांगितलं. मग सामाईक हौद रिकामा करून धुऊन टाकला आणि प्रत्येक घोड्याला वेगळी बादली दिली. तोबरा, खरारा, लगाम, सगळं ज्याचं त्याला. चांदणीची चंदी-पाणी शेवटी करायचं, हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. मोतद्दाराला हातमोजे पटेनात. "मालक, ती मला ओळखणार नाही," म्हणाला. त्याची समजूत घालण्यात माझी एक अख्खी दुपार गेली, पण घातली.

आरोग्य विभागाची माणसंही येऊन गेली. तबेल्यात वावरणाऱ्या सगळ्यांची चौकशी झाली : ताप येतो का, खोकला, बऱ्या न होणाऱ्या जखमा. रक्त घेतलं. मोतद्दाराच्या हाताच्या भेगा डॉक्टरीणबाईंनी उजेडात धरून एकेक बघितल्या आणि मलम दिलं. इतकी वर्षं घोड्यांत काढलेल्या त्या माणसाचे हात याआधी कुणी तपासले नव्हते. घोडा तपासायचा आणि त्याला पाणी पाजणारा माणूस सोडून द्यायचा, असली पाहणी मला अर्धवट वाटते. आमच्याकडे दोन्ही झालं, याचं मला फार बरं वाटलं.

वाट बघणं कठीण गेलं. सुपाऱ्या परत केल्या. काही यजमानांनी समजून घेतलं, काही तोडून बोलले. एका नवरदेवाच्या आईने मात्र फोन करून विचारलं, "घोडी बरी आहे ना हो?"

हिसारचा अहवाल आला : चांदणी निर्दोष. माणसांचे अहवालही साफ आले. पण तेवढ्यावर मोकळीक मिळत नाही. काही आठवड्यांनी सगळ्या घोड्यांचं रक्त पुन्हा घेतलं, कारण संसर्ग ताजा असेल तर पहिल्या खेपेला दिसत नाही. दुसरी फेरीही साफ आली तेव्हा घोडे बाहेर काढायची परवानगी मिळाली. सराईचा मोठा भाग तोवर निघून गेला होता.

हा कंटाळवाणा मार्ग सोडून दुसरा नाही. याच रोगासाठी आपल्याकडे इंग्रजांनी 1899 मध्ये खास कायदा केला. चाचणी करा, बाधित जनावर काढून टाका, हेच धरून ठेवून ब्रिटनने 1928 पर्यंत तो आपल्या देशातून घालवला. आपल्याकडे तो अजून अधूनमधून डोकं वर काढतो.

नवा घोडा घेताना मी आता आधी तपासणीचा कागद मागतो आणि त्यावरची आकृती घोड्याशेजारी धरून भोवरे जुळवतो. कागद असला तरी नवं जनावर काही आठवडे वेगळं बांधतो. राहिला प्रश्न मंगल कार्यालयांचा. तिथे दोन-तीन वराती एकदम आल्या की सगळ्यांचे घोडे एकाच टाकीला तोंड लावतात. आम्ही बादल्या घरूनच नेतो. घोडेवाल्यांनो, तुम्हीही न्या, आणि टाकीशेजारी एक वेगळा नळ मागून घ्या.