साबण न घातलेली परीक्षानळी

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्या ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी संत्र्यातून डीएनए काढून दाखवते. बाकी ठिकाणी स्ट्रॉबेरी नाहीतर केळं घेतात. नागपुरात राहून त्यासाठी स्ट्रॉबेरी विकत आणणं मला कधी पटलं नाही. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्यांचा, माल त्या सुमारास कळमन्याच्या बाजारात उतरलेला असतो, आणि टेबलावर ओळखीचं फळ दिसलं की मुलं आपसूक एक पाऊल पुढे येतात. अकरा वर्षांत हा प्रयोग एकदाही फसला नव्हता. यंदाही फसला नाही. भानगड त्यातूनच झाली.

कृती सोपी आहे. फोडी पांढऱ्या दोऱ्यांसकट पिशवीत घालून चुरडायच्या. त्यात पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि मीठ. पेशीचं पटल म्हणजे फॉस्फोलिपिडचा दुहेरी थर, शेवटी मेदच. कढईचं तेल ज्या कारणाने साबणाने सुटतं त्याच कारणाने तेही फुटतं. केंद्रकाचं आवरणही तसंच. डीएनए मोकळा होतो. त्याच्या कण्यावरच्या फॉस्फेटचा ऋणभार मिठातला सोडियम झाकतो. मग मिश्रण गाळायचं आणि फ्रीजरमध्ये गार केलेलं अल्कोहोल नळीच्या कडेने हळूच सोडायचं. डीएनए अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे दोन थरांच्या मध्ये पांढुरका गोळा वर येतो, काडीला गुंडाळता येईल असा. अशा वेळी मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकते: माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरेल. मोबाइल बाहेर येतात, फोटो निघतात.

यंदा फोटो चालू असताना मागून काटोलकडची एक मुलगी पुढे आली. वर्षभर हजेरीपलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मॅडम, हे पेक्टिन तं नसन ना?"

"का गं?"

"आमची आई बचत गटात संत्र्याचा जॅम बनवते. साखर टाकायच्या आधी रसाचा एक चमचा थंड करते न् त्यात स्पिरिट टाकते. घट्ट गोळा झाला तं पेक्टिन भरपूर आहे म्हणते. तो गोळा असाच दिसते."

मुलं हसली. ‘नाही गं, डीएनएच आहे’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण असं म्हणायला माझ्याकडे आधार काय होता? पांढरं दिसतंय आणि पुस्तकात पांढरं म्हटलंय, इतकाच.

खरं तर पेक्टिन मीच शिकवते. वनस्पतींच्या दोन पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या मधल्या थरात ते असतं. गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या कड्या जोडून झालेली लांबलचक साखळी. त्यावरही ऋणभार असतो, फॉस्फेटऐवजी कार्बॉक्सिलचा. पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये नाही. म्हणजे वागणूक हुबेहूब डीएनएसारखी. बाजारातलं पेक्टिन लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासूनच काढतात, आणि शेवटी अल्कोहोल घालूनच ते वेगळं करतात. उलट संत्र्याच्या रसाळ पेशी मोठ्या, आत बहुतेक सगळी रसाने भरलेली रिक्तिका, म्हणजे पेशीतली पिशवी, आणि केंद्रक एकच. इतक्या रसात डीएनए असणार किती? दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या, पण वेगवेगळ्या धड्यांत.

मी तिलाच विचारलं, "मग कसं ठरवायचं?"

तिने थोडा विचार केला. "साबण नका टाकू."

मला टाळी वाजवाविशी वाटली. साबण नाही तर बहुतेक पटलं शाबूत, म्हणजे डीएनए आतच राहायला हवा. आम्ही दुसरी पिशवी चुरडली, हलक्या हाताने, फक्त पाण्यात. गाळलं, अल्कोहोल सोडलं. गोळा आला. आधीच्यापेक्षा अंमळ मोठाच. वर्गात कोणी हसलं नाही.

तरी पहिल्या नळीत थोडा डीएनए असेलच ना, असा मुद्दा एकाने काढला, आणि तो रास्त होता. त्यावर उपाय डायफिनिलअमिनचा. डीएनएमधली शर्करा, डीऑक्सिरायबोज, त्या द्रावणाबरोबर उकळत्या पाण्यात ठेवली की निळा रंग देते. पण तुलनेला खात्रीचा डीएनए हवा, तोही पेशीभित्तिका नसलेल्या पेशींचा, म्हणजे प्राण्याचा. लॅबमधल्या काकांनी सायकल काढली आणि वीस मिनिटांत बकऱ्याची पावशेर कलेजी आणली. "मॅडम, याचं बिल कोन्या खात्यात टाकू?" हा त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. दोघी-तिघी नाक दाबून खिडकीपाशी सरकल्या.

कलेजीच्या नळीतही पांढरा गोळा आला. आता मीच सावध झाले होते: यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेल्या साखरेची साखळी, असतं आणि अल्कोहोल त्यालाही खाली बसवतं. बघून इथेही काही कळत नाही. द्रावणात सल्फ्युरिक आम्ल असतं, म्हणून नळ्या मी स्वतः हाताळल्या. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात.

वाट बघताना मीशरची गोष्ट सांगितली. १८६९ साली जर्मनीत ट्युबिंगेनला फ्रीडरिश मीशरने दवाखान्यातल्या पुवाने भरलेल्या पट्ट्या धुऊन त्यातल्या पेशी घेतल्या आणि केंद्रकातला एक अनोळखी पदार्थ वेगळा केला. आजवर मी इथेच थांबत असे. पुढचा भाग त्या दिवशी पहिल्यांदा नीट सांगितला. हे प्रथिनच नाही कशावरून, म्हणून त्याने डुकराच्या जठरातलं पेप्सिन वापरून प्रथिनं पचवून टाकली. उरलेल्या पदार्थाचं पृथक्करण केलं, त्यात फॉस्फरस भरपूर सापडला. नाव ठेवलं ‘न्यूक्लिन’. त्याचे गुरू होपे-झायलर यांना तरीही पटेना. त्यांनी सगळा प्रयोग स्वतः करून पाहिला, आणि निबंध छापला गेला तो १८७१ मध्ये.

नळ्या बाहेर काढल्या. कलेजीची निळी, शाईच्या दौतीत पाणी ओतल्यासारखी. संत्र्याची मळकट तपकिरी; वाकून पाहिलं तरी निळं म्हणावं असं काही नाही. म्हणजे डीएनए अजिबात नव्हता असं नाही, पण ज्याचे अकरा वर्षं फोटो काढले तो गोळा दुसऱ्याच कशाचा होता.

दुसऱ्या दिवशी ती आईकडची पेक्टिन पावडरची पुडी घेऊन आली. पाण्यात कालवून अल्कोहोल घातलं. तेच धागे, तसेच काडीला गुंडाळले जाणारे. दोन नळ्या शेजारी ठेवल्या तर मला ओळखता आल्या नसत्या.

काकांनी तोवर ‘संत्र्याचा डीएनए’ ही पाटी पुसली होती. त्या रात्री मी जुन्या बॅचेसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, की तुम्ही छोट्या बाटलीत भरून घरी नेलं होतं ते बहुतेक पेक्टिन होतं, क्षमस्व. कोणी अंगठा दाखवला, कोणी त्यात प्रथिनंही असतील म्हणून वाद घातला (बरोबरच होता). आता नर्सिंग करणारी एकजण म्हणाली, "मॅडम, माझी बाटली आईनं देवघरात ठेवली आहे. तिला काय सांगू?"