वसुबारसेची मोहरी : आमची वाटचाल

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका बोळात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. वडिलांनी 1978 साली टाकलं. जूनमध्ये वह्या आणि क्रमिक पुस्तकं, परीक्षेच्या तोंडावर गाईडं, एरवी रिफिली आणि चार्ट पेपर. शाळेला सुट्टी लागली की गल्ल्यात खडखडाट. "सुट्टी म्हणजे आपली एकादशी," असं वडील म्हणायचे.

2004 साली दुकान माझ्याकडे आलं. तेव्हा गावात दिवाळी अंकांच्या वाचनालय योजना जोरात होत्या. एकदा पैसे भरायचे आणि संक्रांतीपर्यंत अंक बदलून न्यायचे. 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी काहीतरी छापील लागतंच. पण मुलांच्या वाट्याला यायची ती मोठ्यांच्या अंकांतली हास्यचित्रं. म्हणून मी फक्त मुलांसाठी योजना काढली : शंभर रुपये, नाताळपर्यंत, रोज एक पुस्तक.

पहिली खरेदी सपशेल फसली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एकाने गळ्यात मारलेली, गुळगुळीत कागदाची, प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य छापलेली पुस्तकं मी दोन पोती भरून एसटीने आणली. मुलं ती दुसऱ्या दिवशी परत करायची, कोरी करकरीत. त्याच कपाटात माझ्या लहानपणचे 'किशोर'चे अंक होते. बालभारतीचं हे मासिक 1971 पासूनचं. ते परत यायचे तेव्हा ओळखू यायचे नाहीत. कोडी पेनाने सोडवलेली, राजाला चष्मा काढलेला, पानांवर चकलीचं तेल. एकदा तर खूण म्हणून अख्खं शंकरपाळं ठेवलेलं निघालं.

आमच्या हिने रात्री चिकटपट्टी लावता लावता सांगितलं, "अहो, ज्याला जास्त पट्टी लागते ना, तसलंच पुढच्या वर्षी आणा." आमचा खरेदीचा नियम अजून हाच आहे. हिशेब बघणारे दरवर्षी विचारतात, चिकटपट्टीचा एवढा खर्च कसला?

हळूहळू वाटायला लागलं, रंगवायला, खरडायला हक्काचं असं काहीतरी आपणच काढावं. 2011 च्या दिवाळीत आमची पहिली सुट्टीची वही निघाली. सोळा पानांचे दोन फॉर्म, म्हणजे बत्तीस पानं, मध्ये पिना. छापखान्यातले काका आर्ट पेपर घ्या म्हणत होते, चित्रं उठून दिसतात. मी त्यांच्यासमोरच त्यावर पेन्सिल फिरवली, नुसती घसरली. मग साधा मॅपलिथो कागद घेतला.

सातव्या पानावर किल्ला होता. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या पोराला किल्ला शिकवायची गरज नाही, तरी आम्ही शहाणपणा केला. दगड-विटा कशा रचायच्या, वर भिजवलेलं पोतं, त्यावर चिखल, आणि "वसुबारसेला मोहरी पेरा म्हणजे छान हिरवळ येईल."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चौथीतला एक मुलगा वही घेऊन काउंटरशी उभा. "काका, तुमची मोहरी उगवलीच नाही." मी म्हटलं, पाणी कमी पडलं असेल. त्याने बोटांवर दिवस मोजले. मोड आले होते, पण हिरवं व्हायच्या आत दिवाळी संपली. शेजारच्या ताईने हळीव आठ दिवस आधी पेरलं होतं, तिचा किल्ला कसा हिरवागार! माझ्याकडे उत्तर नव्हतं. गठ्ठ्यात उरलेल्या दोनशे प्रतींवर आम्ही शुद्धिपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, दिवाळी संपलेली असतानाही. पहिली पट्टी त्यानेच त्याच्या वहीत लावून घेतली आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, "हे मी सांगितलं."

त्या तीन शब्दांच्या जागेवरून पुढची वही सुचली. तिच्यात प्रत्येक कृतीखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या : 'आमचं काय चुकलं?' दिवाळीनंतर वह्या दाखवायला मुलं येतात. आकाशकंदिलाची मापं चुकली, भेंड्यांच्या खेळात 'ण' आल्यावर काय करायचं ते लिहिलंच नाही, चित्रातल्या बैलगाडीला एकच बैल. असल्या तक्रारींवर आमचा पुढचा अंक निघतो. मला वेगळं डोकं चालवावं लागत नाही.

2020 साली योजना बंद ठेवावी लागली. घराघरांत फिरलेली पुस्तकं कोण हातात घेणार? वही मात्र निघाली, आणि मी ती स्कूटरवरून दारोदार टाकली. 'किशोर'चे जुने अंक आता बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत. धंदा बसेल असं लोक म्हणाले. झालं असं, की आई-वडील मोबाइलवर बघतात, "हे माझ्याकडे होतं!" म्हणतात आणि पोराला घेऊन दुकानात येतात.

आता किल्ल्याचं पान छापायच्या आधी आम्ही काउंटरवर एका ताटात माती घालून हळीव आणि मोहरी पेरतो, वर तारखेची चिठ्ठी. ताट हिरवं झाल्याशिवाय प्रूफ छापखान्यात जात नाही. गिऱ्हाईकं विचारतात, हे कितीला?