उरलेल्या प्लायचा गोठा

वसईत डिसेंबर लागला की नाताळच्या गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची तयारी सुरू होते, कुणी मातीचा डोंगर करतो, कुणी झावळ्यांचं खोपटं, कुणी मोटर लावून धबधबाच सोडतो. आमचं फर्निचरचं वर्कशॉप, त्यामुळे आमचा गोठा लाकडाचा आणि तोही उरल्यासुरल्या मालाचा. त्यासाठी नवीन शीट कापायची नाही.

कोपऱ्यात वर्षभर काय काय साठतं, बारा एमएम प्लायची फळकुटं, सागाच्या चौकटींची टोकं, बीडिंगचे तुकडे, मशीन ज्यातून आलं त्या पाइनच्या पेटीच्या फळ्या. त्यात मला सगळ्यात लाडकी ती पेटी. आधीच काळवंडलेली, गाठी आणि खिळ्यांची भोकं असलेली. नवा साग पॉलिश करून लावला तर गोठा टीव्ही युनिटसारखा दिसतो हो! पाइनच्या ताज्या कापाला आधी कडक चहा फासायचा, वाळला की गंजके खिळे भिजवलेलं व्हिनेगर, बघता बघता लाकूड जुनाट करडं होतं.

मारिया, योसेफ या मूर्ती आधी मांडायच्या, माप नंतर. मिस्त्री म्हणाले, "दादा, योसेफची काठी छपराला लागतेय," मग पुढचे खांब उंच आणि मागे उतार. छपराला पातळ पट्ट्या, खालून वर, कौलं लावतात तशा एकीवर एक. चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या आधी टोक हातोडीने जरा बोथट करायचं, नाहीतर पट्टी उभी चिरते.

तसं बघायला गेलं तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गोठा नाहीच, फक्त बाळ येशूला ठेवलं ती गव्हाणी आहे. बैल आणि गाढव यशयाच्या पुस्तकातून आले म्हणतात, आणि बेथलेहेमच्या चर्चखाली तर गुहा आहे. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चोत देखावा केला तोही गव्हाणी, पेंढा आणि खरा बैल, गाढव आणून. म्हणजे लाकडी गोठ्याचा ओरिजनल नकाशा कुणाकडेच नाही, मग फळकुटं जशी निघतील तसा गोठा, काय बिघडलं? आणि योसेफ स्वतः सुतार, त्याच्याकडेही असाच ढीग पडलेला असणार.

साग मात्र सगळा गव्हाणीला. तिचा उल्लेख आहे ना, म्हणून तिच्यात कंजूसपणा नाही, चुका न मारता नीट सांधा करून, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत. खाली रंध्याचा भुसा, वर भाताचा पेंढा, आणि 24 च्या रात्री बाळ येशू ठेवेपर्यंत ती रिकामीच, पोरांनी कितीही घाई केली तरी.

छप्पर चिकटवत नाही, नुसतं टेकवतो, आतला एलईडी गेला तर हात जायला हवा आणि जानेवारीत सुटं करून माळ्यावर टाकता येतं. तीन राजे उंटांसकट आत मावत नाहीयेत, पण त्यांचा सण 6 जानेवारीला, तोवर एखादी फळी निघालीच तर पुढे अंगण वाढवू.