चाकांवरचं बिऱ्हाड आणि अण्णांचा खालचा गिअर

अण्णा महाड डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते. वरंध घाटात त्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील, मोजदाद नाही. त्यामुळे भाड्याची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, ताब्यात घ्यायला गेलो, तेव्हा आम्ही सगळे आतला फ्रिज आणि पलंग बघत होतो आणि अण्णा बाहेर एकेका टायरला बुटाने ठोकर मारत फिरत होते. खाली वाकून ऑइल गळतंय का तेही बघून झालं. "मागे जोडचाकं आहेत. म्हणजे ट्रकच की," एवढं बोलून ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

ट्रकच होता. फोर्डच्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं पंचवीस फुटी घर. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा, तो आमच्या अकरा वर्षांच्या लेकीने लगेच बळकावला. आम्ही डेन्व्हरला लागून असलेल्या अरोरात राहतो. बेत चार दिवसांचा होता: यूएस २८५ या रस्त्याने डोंगर ओलांडून ब्यूना व्हिस्टाला जायचं, आर्कान्सा नदीत राफ्टिंग करायचं आणि परत यायचं. चालवायचं मी, कारण नवऱ्याने त्या गाडीचा साइड मिरर बघूनच हात जोडले.

ताबा देताना एका पोराने वीस मिनिटांत सगळं दाखवलं: प्रोपेनचा कॉक, जनरेटर, पिण्याच्या पाण्याची टाकी, आणि सांडपाण्याच्या दोन वेगळ्या टाक्या. बेसिन-मोरीचं पाणी 'ग्रे', संडासाचं 'ब्लॅक'. मी व्हिडिओ काढायला लागले, तर नवरा म्हणाला, "मला समजलंय, काही गरज नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

बेली गावाच्या आधी क्रो हिलचा मोठा उतार लागतो. रोजच्या कारच्या सवयीने मी ब्रेकवर पाय ठेवून उतरत होते. निम्म्यावर जळका वास आला. अण्णांनी मान वळवली नाही.

"कितव्या गिअरात आहेस?"

"ऑटोमॅटिक आहे, अण्णा."

"असू दे. खालचा लाव. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही."

गिअरच्या दांड्याच्या टोकाला एक बटण होतं, त्या पोराने दाखवलेलं आणि मी विसरलेलं. ते दाबून गिअर खाली घेतला. इंजिन मोठ्याने ओरडलं, मला वाटलं काहीतरी तुटलं. पण गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी संथ झाली. अण्णा पहिल्यांदाच पाठ टेकून बसले. "हां. आता बोलतेय गाडी."

पुढे केनोशा पास, साधारण दहा हजार फूट. कळसूबाई ५,४०० फूट; म्हणजे आमचं अरोरातलं घरच जवळपास कळसूबाईच्या उंचीवर. पास ओलांडला की साउथ पार्कचं अफाट गवताळ पठार दिसतं. तिथे मी गाडी बाजूला घेऊन मागच्या पंधरा-वीस गाड्यांना जाऊ दिलं. वाऱ्याची आडवी थप्पड बसली की अख्खं घर हलतं आणि कपाटातली ताटं खणखणतात. आई प्रत्येक वेळी "राम राम" म्हणायची. पेट्रोल गॅलनला आठ-नऊ मैल, म्हणजे लिटरला चार किलोमीटरच्याही आत. "आमचा लाल डबा यापेक्षा जास्त द्यायचा," अण्णा म्हणाले.

ब्यूना व्हिस्टाला इथले लोक 'ब्यूना'च म्हणतात, स्पॅनिश उच्चार केला की परके ठरता. गावाच्या पश्चिमेला चौदा हजार फुटांवरची शिखरं, नावं प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड. आईने हार्वर्डसमोर नातीचा फोटो काढून घेतला आणि सांगलीच्या मावशीला फक्त 'हार्वर्डला आलो' एवढंच लिहून पाठवला.

गाव आठ हजार फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे पाणी ९२ अंशालाच उकळायला लागतं. आईने पातेल्यात डाळ शिजत घातली. तासाभराने डाळ वेगळी, पाणी वेगळं. मग कुकर काढला. कुकर आणायचा नाही म्हणून घरी मीच वाद घातला होता, त्यावर ती एक अक्षर बोलली नाही. फोडणी टाकली आणि धुराचा अलार्म कोकलायला लागला. नवरा पोळपाटाने वारा घालतोय, लेक कानात बोटं घालून बसलीय, शेजारच्या तंबूतला म्हातारा बॅटरी घेऊन उभा. त्याला वाटीभर वरण दिलं. दुसऱ्या दिवसापासून फोडणी बाहेरच्या लाकडी टेबलावर.

राफ्टिंगच्या सकाळी आधी फॉर्मवर सह्या: मेलो तर जबाबदारी आमची, अशा अर्थाची दोन पानं. मग वेटसूट. ओला वेटसूट चढवणं हे अख्ख्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं, नदी त्यामानाने सोपी. आई काठावरच राहणार होती. अण्णांना म्हणाली, "जन्म कोकणात गेला, कोलाडला कधी गेला नाहीत, आणि इथे उडी मारताय."

कोलाडचं नाव निघालं म्हणून मी गाइडला विचारलं, जुलैत बर्फ वितळून गेल्यावर एवढं पाणी कुठून येतं? तो खुलला. १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात राफ्टिंगसाठी नदी ७०० क्यूसेकच्या खाली जाऊ नये म्हणून वरच्या जलाशयांतून पाणी सोडायचं, असा इथे करार आहे. सेकंदाला साधारण वीस हजार लिटर. त्यातलं काही पाणी या खोऱ्यातलं नव्हेच. डोंगराच्या पश्चिमेकडून बोगद्यांतून पूर्वेला आणलेलं. मी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपलं मुळशीचं उलटं आहे." खरंच की. मुळशीचं पाणी पूर्वेला जायचं, ते भिऱ्याच्या वीजघरासाठी पश्चिमेला खाली सोडतात आणि त्याच पाण्यावर कोलाडला कुंडलिकेत राफ्ट चालतात.

ब्राउन्स कॅन्यनमध्ये दोन्ही बाजूंना गुलाबी ग्रॅनाइटच्या भिंती येतात. २०१५ पासून हा भाग राष्ट्रीय स्मारक आहे. गाइडचे हुकूम मोजकेच: पुढे, मागे, थांब. वल्ह्याच्या टोकाची मूठ सोडायची नाही, सुटली की शेजाऱ्याचे दात जातात. पाण्यात पडलं तर उताणं व्हायचं, पाय पुढे आणि वर, उभं राहायचं नाही.

'पिनबॉल' नावाचा खळाळ पार झाला. 'झूम फ्लूम'च्या तोंडाशी राफ्ट एका लाटेत शिरली, माझ्या बाजूने उचलली गेली आणि मी पाण्यात. आधी थंडीने छाती आवळली, श्वास घेताच येईना. मग वर आले आणि जे करू नको म्हणून तीनदा सांगितलं होतं तेच केलं, पायाने तळ शोधू लागले. "पाय वर! पाय वर!" गाइड बोंबलत होता. दगडाच्या फटीत पाय अडकला की मागचं पाणी माणसाला पालथं दाबतं, हे सगळं ऐकलेलं होतं, पण पायांना ते माहीत नव्हतं. कसेबसे वर घेतले. नवऱ्याने आणि गाइडने जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून पोतं ओढावं तसं मला आत घेतलं.

खोकत डोळे उघडले तर अण्णा मागे बसून एकटेच वल्हं मारत होते.

"अण्णा, मी पडले होते!"

"पाहिलं ना. पण तो थांब कुठे म्हणाला?"

पुढचं 'स्टेअरकेस' म्हणजे ओळीने पायऱ्या, तिथे लेक किंचाळून किंचाळून बसल्या आवाजाने हसत होती. मला फारसं आठवत नाही, मी पाय बघत होते.

आता नवऱ्याचं वाक्य. तळावर गटाराचं कनेक्शन होतं, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी पाइप जोडून दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवले. मला नीटच वाटलं. निघायच्या सकाळी ब्लॅक टाकीतून काहीच बाहेर येईना, पण काटा मात्र निम्मी भरलेली दाखवत होता. शेजारच्या म्हाताऱ्याने समजावलं: ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा, टाकी भरत आली की एकदम सोडायची. उघडा ठेवला की पाणी निघून जातं आणि उरलेलं थापीसारखं बसतं. मग टाकीत बादल्यांनी पाणी, व्हॉल्व्ह बंद, गाडी गावातून चार चकरा हलवून परत जागेवर, आणि मग ब्लॅक आधी, त्याच्या मागून पाइप धुवायला ग्रे. नवरा रबरी हातमोजे घालून दीड तास त्या पाइपाशी होता. चूक माझी, हे तो एकदाही म्हणाला नाही आणि त्याची आहे, हे मीही. लेक म्हणाली मात्र.

परतीच्या रस्त्यावरचे सगळे उतार मी कुणी न सांगता खालच्या गिअरात उतरले. गाडी परत देताना पोराने मैल मोजले, टाक्या पाहिल्या, ओरखडे शोधले. अण्णा माझ्या मागे उभे होते. "त्याला सांग, पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. लिहून घे म्हणावं."

पोरगा म्हणाला, फॉर्ममध्ये तशी जागा नाहीये.

"मग समासात लिही," अण्णा म्हणाले, आणि त्याने लिहीपर्यंत तिथून हलले नाहीत.