टीलोसच्या धक्क्यावर

टाकलेला नांगर डोळ्यांनी दिसतो, ही गोष्ट पचायला मला ग्रीसच्या एजियन समुद्रात अख्खा एक हंगाम लागला. मी हर्णैचा. आमच्याकडे नांगर टाकला की तो गढूळ पाण्यात गेला. पुढचं सगळं दोराला हात लावून समजायचं. दोर थरथरला तर नांगर घसरतोय, गुमान ताणून राहिला तर बसला. इथं आठ मीटर खोल तळावर आपली साखळी कशी पडली आहे ते वरून दिसतं. आणि तरी त्या दिवशी मी खाली बघितलं नाही.

जुलै महिना. सेहेचाळीस फुटी शिडाची यॉट, चार निवृत्त डच पाहुणे, आणि कप्तान, आचारी, मेकॅनिक सगळं मीच. निसिरोसहून निघून आम्ही टीलोसला आलो. कोस आणि ऱ्होड्सच्या मधलं हे बेट, वस्ती जेमतेम काहीशे. लिवाडिया हे त्याचं बंदर: एक धक्का, चार खानावळी, मांजरं.

इकडे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. तीन-चार बोटींच्या लांबीइतक्या अंतरावर नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, नांगर सोडायचा, मग उलटं येत पाठ धक्क्याला लावायची आणि मागून दोन दोर बांधायचे. भरती-ओहोटीचा फरक फूटभरही नसतो, म्हणून दोर घट्ट बांधले तरी चालतात. हे मी एकदा फोनवर काकाला सांगितलं तर तो म्हणाला, "भरती नाय? मग बुडाला रंग लावायला होडी सुकवता कधी?" भांग आणि उधाण, म्हणजे छोट्या नि मोठ्या भरत्या, यांवर ज्याचं आयुष्य गेलं त्याला असल्या समुद्राची कीवच यायची.

आम्ही उलटं येताना आडव्या वाऱ्यानं नाळ ढकलली. पंचेचाळीस मीटर साखळी सोडली होती, ती तिरकी पडली. पाण्यात उतरून बघणं हे पुढचं काम, पाच मिनिटांचं. पण पाहुण्यांपैकी एका बाईंनी कचऱ्याची पिशवी पुढे केली, आणि मी कुंडी शोधत निघालो. कुंडी नाहीच! टीलोसनं 2021 च्या अखेरीपासून रस्त्यावरच्या कुंड्या काढून टाकल्यात. कचरा वेगळा करून द्यायचा, तो घरोघरी येऊन उचलतात. खानावळीतल्या मुलीनं मला हसत परत पाठवलं. मग धक्क्यावर बसून बाटल्या, डबे, कलिंगडाची सालं वेगळी करण्यात अर्धा तास गेला. त्यानंतर भूक लागली. पाण्यात उतरायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

रात्री मेल्तेमी उठला. हा वारा म्हणजे आपल्या मोसमी वाऱ्याचा भाऊबंदच. उन्हाळ्यात आशियावर जो कमी दाब तयार होऊन कोकणात पाऊस ओढून आणतो, त्याचंच एक टोक पार तुर्कस्तानपर्यंत पोचतं, आणि बाल्कनकडच्या जास्त दाबाकडून तिकडे हा वारा धावतो. फरक एवढाच की याच्याबरोबर ढग येत नाही. आमच्याकडे पश्चिमेला काळं दिसलं की माणूस सावध होतो. इथं चांदणं टिपूर आणि डोंगरावरून येणारे झोत असे, की डोलकाठीवरचे दोर शिट्या घालत होते. बेटाची पवनचक्की याच वाऱ्यावर चालते. तिची आणि सौर पॅनेलची वीज मोठ्या बॅटऱ्यांत साठवतात. पूर्वी सगळी वीज कोसहून समुद्राखालच्या केबलनं यायची आणि वरचेवर जायची, म्हणे. मी मात्र झोपेत त्या वाऱ्याला शिव्याच दिल्या.

पहाटे साडेपाचला धडाड आवाज झाला. शेजारच्या फ्रेंच कुटुंबानं निघण्यासाठी नांगर उचलायला घेतला होता, आणि त्यांच्या नांगराच्या पात्यात अडकून वर येत होती आमची साखळी. आदल्या दिवशी ती त्यांच्या साखळीवर आडवी टाकणारा मी. आमचा नांगर सुटला, नाळ वाऱ्याबरोबर फिरली आणि दहा-बारा टनांची बोट पलीकडच्या बोटीवर रेलली. मी बनियनवरच इंजिन सुरू केलं. डच आजोबा पायजम्यात फेंडर, म्हणजे दोन बोटींच्या मधे धरायचा फुगा, घेऊन धावले. खरं सांगायचं तर त्यांनीच बोट वाचवली.

तेवढ्यात एक म्हातारा कोळी आपली छोटी लाकडी होडी वल्हवत दोन बोटींच्या मधे शिरला. कोणाला काही विचारलं नाही. फ्रेंच माणसाकडे बघून ओरडला, "वीरा! वीरा!" आणि लगेच हात खाली करून, "माइना! सिगा, सिगा!"

मला ग्रीक येत नाही. पण त्या ओरडण्याचा सूर माझ्या कानातला होता. आजोबा मुंबईच्या गोदीत खलाशी होते. क्रेनला वर घ्यायला सांगायचं तर 'हाबेस', खाली सोडायचं तर 'आरिया'. 'आरिया' पोर्तुगीज जहाजांवरून आपल्याकडे आला, आणि वीरा-माइना इटालियन जहाजांवरून ग्रीकांकडे. वीरा म्हणजे ओढ, माइना म्हणजे सोड, सिगा म्हणजे हळू, हे मला अर्ध्या क्षणात कळलं. मी फ्रेंच माणसाला इंग्रजीत ओरडून सांगू लागलो.

म्हाताऱ्यानं आमच्या साखळीखालून एक दोर घातला आणि त्याची दोन्ही टोकं फ्रेंच बोटीच्या नाळेला बांधली. साखळीचा भार दोरावर आला. "माइना!" फ्रेंच नांगर दोन हात खाली गेला आणि पात्यातून साखळी निसटली. "माइना!" दोराचं एक टोक सोडलं, आमची साखळी तळाला. चाळीस मिनिटं गेली. नुकसान म्हणाल तर पलीकडच्या बोटीच्या रंगावर वीतभर ओरखडा. त्याचे पैसे मी दिले.

आम्ही बाहेर जाऊन नांगर पुन्हा टाकला, आणि या वेळी मी आधी पाण्यात उतरलो, मग चहा घेतला.

म्हाताऱ्याला कॉफी पाजली. "इंडिया?" त्यानं विचारलं. मग छातीपाशी हात धरून म्हणाला, "एलेफांतास! टीलोस, एलेफांतास!" मला वाटलं, भारतीय दिसला की लोक हत्तीवरून करतात तीच थट्टा. पाहुणे संध्याकाळी मेगालो होरिओ गावाकडून परतले तेव्हा उलगडा झाला. इथल्या हारकादिओ गुहेत 1971 साली खरोखरच बुटक्या हत्तींची हाडं सापडली. बेटावर खाणं कमी, शत्रू नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आकार घटत गेलेले हत्ती. म्हातारा माप अगदी बरोबर दाखवत होता. मी त्याला 'हाबेस' शिकवलं होतं, तो 'आबेस' म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मी मास्क लावून उडी मारली. आमची साखळी सरळ पडली होती, नांगर वाळूत गच्च बसला होता. आणि तिच्यावर, रात्री उशिरा आलेल्या कुठल्याशा बोटीची साखळी ऐटीत आडवी झोपली होती. वर येऊन पाहिलं तर ती बोट गाढ झोपेत. धक्क्याच्या टोकाला म्हातारा आपल्या होडीचा दोर सोडायला लागला होता.