मोहऱ्यावर हल्ला झाला की आधी पट बघा

मोहऱ्यावर हल्ला झाला की हात आपसूक त्याच मोहऱ्याकडे जातो. मी मुलांना बुद्धिबळ शिकवते आणि हा हात क्षणभर रोखायला शिकवणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली काय, नंतरही पाठ होतात.

हल्ला करायला जे मोहरं आलं, त्याने आपलं आधीचं घर सोडलेलं असतं. तिथून ते कशाची राखण करत होतं? ते आता उघडं पडलं का? मग आपल्याकडे शह आहे का, काही मारता येतं का, आपल्या मोहऱ्याहून मोठ्या मोहऱ्यावर उलट हल्ला करता येतो का, हे तपासायचं. पळायचा विचार त्यानंतर. आणि पळायचंच ठरलं तर असं घर शोधायचं, की समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल.

‘टू नाइट्स डिफेन्स’ या ओपनिंगमध्ये हे फार सुंदर दिसतं. (घरांची नावं अशी: अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.) पांढऱ्याचा उंट सी४ वर असतो आणि घोडा जी५ वर येतो, दोघांचा डोळा काळ्या राजाशेजारच्या एफ७ च्या प्याद्यावर. काळा डी५ खेळतो: उंटाची वाट अडली, शिवाय उंटावरच हल्ला. पांढरा ते प्यादं मारतो आणि आता त्याचं प्यादं सी६ च्या घोड्यावर चालून आलेलं असतं. काळ्याचा घोडा मागे जात नाही, ए५ वर जाऊन पुन्हा उंटाला धरतो. बी५ वरून उंटाचा शह, मध्ये सी६ वर काळ्याचं प्यादं, मारामारी. मग काळ्याची तीन प्यादी पाठोपाठ पुढे येतात: सी६ वर परत मारणारं उंटाला हाकलतं, एच६ घोड्याला हाकलतं, ई४ त्याच घोड्याला पुन्हा. काळा एक प्यादं मागे आहे खरा, पण पांढऱ्याला श्वास घ्यायला सवड नाही. मला ही काळ्याची बाजूच जास्त आवडते.

याचं टोक बघायचं तर १९५६ चा न्यूयॉर्कमधला डोनाल्ड बर्न विरुद्ध पुढे जगज्जेता झालेला बॉबी फिशर हा डाव. फिशर १३ वर्षांचा होता. सी५ वरचा उंट त्याच्या वजिरावर रोखलेला, आणि त्याने १७ व्या चालीला आपला उंट ई६ वर नेला. वजीर तसाच मारात! बर्नने वजीर मारला. मग उंट आणि घोड्याने आलटून पालटून असे शह दिले, की फिशरला वजिराच्या बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं मिळालं. बर्नने वजिराऐवजी ई६ चा उंट मारला असता, तर वजिराचा बळी देऊन घोड्याने मात होती. हे सगळं फिशरला पटावर आधी दिसलं होतं, म्हणून ती चाल चालली.

न मोजता केलेला उलट हल्ला मात्र महागात पडतो. ‘पेट्रॉफ’ या ओपनिंगमध्ये काळ्याच्या ई५ च्या प्याद्यावर हल्ला होतो तेव्हा काळा ते राखत बसत नाही, घोडा एफ६ वर आणून ई४ ला हात घालतो. इथवर उत्तम. पांढरा घोड्याने ई५ मारतो आणि काळ्याकडून खेळणारी मुलं लगेच घोड्याने ई४ मारतात. मग पांढरा वजीर ई२ वर येतो, काळा घोडा घाबरून एफ६ वर परततो, आणि पांढरा घोडा सी६ वर उडी मारतो. घोडा बाजूला होताच वजिराचा शह लागतो, आणि घोडा स्वतः काळ्या वजिरावर बसलेला असतो. वजीर गेला. म्हणून आधी डी६ खेळून ई५ वरच्या पांढऱ्या घोड्याला हाकलायचं, आणि तो मागे गेला की मगच ई४ मारायचं.